मलावी आणि भारत: दोन देशांच्या भांडवली खात्यांची वर्षानुवर्षांची तुलना कशी करायची

नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या घाऊक बाजारात आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस उतरला की रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांत त्याचीच चर्चा सुरू होते. कोकणातून नेलेल्या काड्यांवर बांधलेली ती कलमं. आपल्या झाडांवर जेमतेम मोहोर दिसत असतो आणि तिकडचा आंबा पेटीत बसलेला असतो. अर्थशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांनी ही चर्चा भावाच्या पुढे न्यावी असं मला मनापासून वाटतं. त्या देशात बाहेरून पैसा कोणत्या वाटेने येतो, आपल्याकडे कोणत्या वाटेने येतो, आणि गेल्या वीस वर्षांत या वाटा कशा बदलल्या? पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या किंवा एम.ए.च्या प्रकल्पासाठी यापेक्षा चांगला विषय सहसा सापडणार नाही. सगळे आकडे फुकट मिळतात. लॅपटॉप आणि साधी स्प्रेडशीट एवढंच साहित्य लागतं, ते चिपळूणला किंवा सावंतवाडीला बसूनही जमतं.

माझं मत आधीच सांगतो. दोन देशांच्या निव्वळ आकड्यांच्या दोन रेषा काढून थांबलेला प्रकल्प अर्धवट असतो. निव्वळ म्हणजे वजाबाकी झाल्यावर उरलेलं, आणि सांगण्यासारखं बहुतेक सगळं त्या वजाबाकीच्या आधी घडून गेलेलं असतं. म्हणून पुढच्या बऱ्याच पायऱ्या निव्वळ आकडा उलगडण्याच्या आहेत.

आधी खातं पक्कं करा

व्यवहारतोल म्हणजे एका देशातल्या रहिवाशांनी ठरावीक काळात बाकीच्या जगाशी केलेल्या सगळ्या देवघेवींची नोंद. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मार्गदर्शिकेची सहावी आवृत्ती 2009 मध्ये आली. तिच्यानुसार या नोंदीचे तीन मोठे भाग पडतात. चालू खात्यात मालाची आयात-निर्यात, सेवा, पगार-व्याज-लाभांश आणि घरी पाठवलेले पैसे किंवा सरकारच्या रोजच्या खर्चासाठी मिळालेली मदत यांसारखी परतफेड नसलेली रक्कम येते. भांडवली खात्यात दोनच गोष्टी असतात: भांडवली हस्तांतरणं, म्हणजे प्रकल्प उभारण्यासाठी मिळालेलं परकीय अनुदान आणि कर्जमाफी, आणि दूतावासासाठी घेतलेली जमीन, परवाने, हक्क असल्या मालमत्तांची खरेदी-विक्री. थेट गुंतवणूक, शेअर आणि रोखे, कर्जं, ठेवी आणि परकीय गंगाजळी यांची जागा वित्तीय खात्यात.

विद्यार्थ्यांची गफलत इथे होते. रिझर्व्ह बँकेच्या जुन्या धाटणीच्या तक्त्यात, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत, ‘भांडवली खातं’ म्हणजे परकीय गुंतवणूक, कर्जं, अनिवासी ठेवी असं सगळं मिळून, फक्त गंगाजळी सोडून. जागतिक बँकेच्या संचात मात्र ‘निव्वळ भांडवली खातं’ या नावाखाली अनुदान-कर्जमाफीचं अरुंद खातं मिळतं. भारतापुरतं बोलायचं तर हे अरुंद खातं देशांतर्गत उत्पादनाच्या दशांश टक्क्याहूनही लहान आहे. मलावीत तेच काही टक्क्यांत जातं, कारण रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य केंद्रं यांसाठी मिळणारी अनुदानं तिथे नोंदली जातात. कोणी फक्त हा एक स्तंभ उतरवून आलेख काढला तर मलावी भारतापेक्षा कितीतरी पटींनी जास्त भांडवल ओढतो असा निष्कर्ष निघेल. आकडे खरे, निष्कर्ष खोटा.

म्हणून मी तीन स्तंभ ठेवायला सांगतो: अरुंद भांडवली खातं, गंगाजळी वगळून वित्तीय खातं आणि गंगाजळीतला बदल. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर या तिन्हींची व्याख्या लिहा. नंतर ‘भांडवली’ हा शब्द आला की त्यातलं कोणतं खातं अभिप्रेत आहे ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

किनाऱ्यावरचे व्यवहार खात्यांत बसवून पाहा

आकड्यांना हात लावण्याआधी पाच-सहा ओळखीचे व्यवहार कागदावर लिहून कोणता कुठे बसतो ते ठरवा. तासाभराचं काम आहे, पण त्याने पुढची बरीच चुकामूक टळते.

मलावीच्या आंब्याची पेटी वाशीला आली: भारताच्या चालू खात्यात आयात, मलावीच्या चालू खात्यात निर्यात. एखाद्या भारतीय कंपनीने तिथे आमराई विकत घेतली: वित्तीय खात्यात थेट गुंतवणूक.

निसर्ग वादळ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडे पडलेले विजेचे खांब आपण पाहिले. किनाऱ्यावर भूमिगत वीजवाहिन्या टाकण्यासारखी कामं ज्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पात बसतात, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र होता आणि त्याला जागतिक बँकेचं कर्ज होतं. कर्ज आलं की ते वित्तीय खात्यात ‘इतर गुंतवणूक’ या मथळ्याखाली जातं. मलावीलाही वादळं झोडपतात, मार्च 2023 मधल्या फ्रेडीने तर दक्षिण भागात फार मोठी हानी केली. तिथे अशा पुनर्बांधणीसाठी येणाऱ्या पैशांत अनुदानाचा वाटा मोठा असतो, आणि प्रकल्पाचं अनुदान जातं भांडवली खात्यात. काम एकसारखं, पण एका देशात एका खात्यात आणि दुसऱ्यात दुसऱ्या. हे उदाहरण ज्याला नीट कळलं, त्याला दोन्ही खाती शेजारी ठेवून पाहण्याची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

आता संगमेश्वरकडचं एक घर घ्या. मुलगा दुबईत, त्याची इथल्या बँकेत एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीची, ठेव. ठेव ठेवली तेव्हा वित्तीय खात्यात भारताची देणी वाढली. तीन वर्षांनी ती मोडून त्याने जांभ्या दगडाचं घर बांधायला पैसे इथेच काढले. रिझर्व्ह बँक अशा स्थानिक काढणीची नोंद दोन बाजूंनी करते: वित्तीय खात्यात ठेव कमी झाली म्हणून वजा आणि चालू खात्यात खासगी हस्तांतरण म्हणून तितकीच अधिक. त्या दिवशी एकही दिरहम सीमा ओलांडून आलेला नसतो. केरळ आणि कोकणसारख्या पट्ट्यांमुळे भारताच्या नोंदीत ही रक्कम चांगलीच मोठी असते, म्हणून अनिवासी ठेवींचा स्तंभ घटलेला दिसला की लगेच ‘पैसा पळाला’ असं लिहू नका. आधी खासगी हस्तांतरणांचा स्तंभ बघा.

रत्नागिरी जिल्ह्यातच आणखी दोन धडे आहेत. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या दाभोळ वीज प्रकल्पात 1990 च्या दशकात एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी भागभांडवल घातलं. ते थेट गुंतवणुकीत गेलं, आणि परदेशी बँकांकडून घेतलेली कर्जं इतर गुंतवणुकीत. हा पैसा प्रत्यक्ष आला, म्हणून तो आकड्यांत आहे. उलट 2018 मध्ये नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सौदी अरामको आणि अबुधाबीच्या ॲडनॉक यांच्याशी सामंजस्य करार झाले, लाखो कोटी रुपयांचे मथळे छापून आले. व्यवहारतोलाच्या लेखी सामंजस्य करार शून्य. पैसा सीमा ओलांडेपर्यंत किंवा देणं तयार होईपर्यंत नोंद होत नाही. मलावीबद्दलच्या बातम्यांनाही हीच कसोटी लावा: दात्यांनी परिषदेत ‘जाहीर केलेले’ डॉलर आणि प्रत्यक्ष वितरित झालेले डॉलर यांत पुष्कळ अंतर असतं.

आकडे उतरवून घेणं

जागतिक बँकेच्या ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट इंडिकेटर्स’ या संचातून सुरुवात करा. डेटाबँकच्या पानावर देश म्हणून भारत आणि मलावी निवडा, वर्षं 2000 पासून. मालिका अशा घ्या: निव्वळ भांडवली खातं, निव्वळ वित्तीय खातं, चालू खात्याची शिल्लक, निव्वळ चुका व वगळ (नोंदींची बेरीज जुळवायला घातलेला फरक), गंगाजळी व संबंधित बाबी, थेट परकीय गुंतवणुकीचा आवक आणि जावक असा वेगवेगळा आकडा, चालू किमतींना देशांतर्गत उत्पादन, लोकसंख्या. शोधताना नावावर भिस्त ठेवू नका, सांकेतिक क्रमांक जुळवा. निव्वळ भांडवली खात्याचा संकेत ‘बीएन डॉट टीआरएफ डॉट केओजीटी डॉट सीडी’ आणि निव्वळ वित्तीय खात्याचा ‘बीएन डॉट एफआयएन डॉट टीओटीएल डॉट सीडी’ असा आहे. अर्थात तिथे तो रोमन अक्षरांत दिसेल.

भारताचे तिमाही आणि तपशीलवार आकडे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथे जुन्या धाटणीचे आणि सहाव्या आवृत्तीनुसारचे असे दोन्ही तक्ते आहेत, कोणता उतरवला ते फाइलच्या नावातच लिहा. मलावीसाठी तिथली मध्यवर्ती बँक, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय आणि नाणेनिधीचे देश-अहवाल बघा. देश-अहवालांच्या शेवटच्या तक्त्यांत प्रकल्प अनुदान आणि अर्थसंकल्पी मदत वेगवेगळी दाखवलेली असते, आणि तीच आपल्याला लागणार आहे.

मूळ फाइल तशीच राहू द्या. दुसऱ्या पानावर प्रत करून तिथेच बेरीज-वजाबाकी करा. रिकाम्या जागी शून्य भरू नका, ‘माहिती नाही’ आणि ‘व्यवहार झाला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चिन्हं जुळवा: ही पायरी वगळली तर बाकी सगळं वाया

सहाव्या आवृत्तीत वित्तीय खात्याची अधिक शिल्लक म्हणजे देशाने जगाला निव्वळ उसने दिले. उणे शिल्लक म्हणजे घेतले. रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात उलट: आवक अधिक, जावक उणे, आणि गंगाजळी वाढली तर त्या ओळीला उणे चिन्ह. शिवाय जागतिक बँकेच्या वित्तीय खात्यात गंगाजळीचा बदल आत धरलेला असतो, रिझर्व्ह बँकेच्या जुन्या भांडवली खात्यात तो बाहेर असतो. मुलांना याची भीती वाटते, पण एक वर्ष हाताने सोडवलं की ती जाते. 2007-08 घेऊ.

त्या वर्षी भारताच्या चालू खात्यात सुमारे 15.7 अब्ज डॉलरची तूट होती. जुन्या धाटणीच्या भांडवली खात्यात सुमारे 106.6 अब्ज निव्वळ आले. चुका व वगळ 1.3 अब्ज. बेरीज करा: उणे 15.7, अधिक 106.6, अधिक 1.3, उत्तर 92.2. त्या वर्षी व्यवहारतोलातून गंगाजळीत बरोबर तेवढी, 92.2 अब्जांची भर पडली. हिशेब जुळला.

आता तेच वर्ष नाणेनिधीच्या पद्धतीत लिहा. आलेले 106.6 अब्ज म्हणजे उणे 106.6. गंगाजळी म्हणजे परदेशात ठेवलेला आपला पैसा, तो वाढला म्हणून अधिक 92.2. बेरीज उणे 14.4. म्हणजे एका तक्त्यात 106.6 आणि दुसऱ्यात उणे 14.4, दोन्ही एकाच देशाचे, एकाच वर्षाचे, आणि दोन्ही बरोबर. कोणी भारताचा आकडा एका तक्त्यातून आणि मलावीचा दुसऱ्यातून उचलला तर तुलना सुरू होण्याआधीच संपली.

पुढचं वर्षही करून बघा. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. 2008-09 मध्ये चालू खात्याची तूट सुमारे 27.9 अब्ज, भांडवली खातं सुमारे 7.4 अब्जांवर घसरलेलं, चुका व वगळ 0.4, म्हणून गंगाजळीतून 20.1 अब्ज गेले. पण मार्च 2008 अखेरची गंगाजळी 309.7 अब्ज होती आणि मार्च 2009 ची 252 अब्ज. घट दिसते जवळजवळ 58 अब्जांची. मग वरचे 37-38 अब्ज कुठे गेले? कुठेच गेले नाहीत. गंगाजळीचा काही भाग युरो, पौंड वगैरे चलनांत असतो. डॉलर महागल्यावर त्यांची डॉलरमधली किंमत उतरली. व्यवहारतोल फक्त व्यवहार मोजतो, किमतीतला बदल मोजत नाही. तेव्हा दोन तारखांच्या साठ्यांची वजाबाकी करून तिला ‘प्रवाह’ म्हणू नका. भारतासाठीही नाही, मलावीसाठीही नाही.

तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक देशाच्या प्रत्येक वर्षासाठी ही पडताळणीची ओळ घाला: चालू खातं, अधिक अरुंद भांडवली खातं, अधिक चुका व वगळ, वजा वित्तीय खातं. उत्तर शून्याजवळ यायला हवं. येत नसेल तर चिन्ह, एकक किंवा आवृत्ती यांपैकी काहीतरी चुकलंय. चुका व वगळ ही ओळ भांडवली खात्यापेक्षा मोठी असेल तर त्या वर्षीच्या लहान चढउतारांवरून काहीच सिद्ध होत नाही, आणि तसं स्पष्ट लिहायला कचरू नका.

वर्षं एका रांगेत आणा

भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. जागतिक बँकेच्या संचात भारताचा व्यवहारतोल कॅलेंडर वर्षाचा असतो, पण देशांतर्गत उत्पादन आर्थिक वर्षाचं. ‘2019’ या स्तंभात पैशाची आवक जानेवारी ते डिसेंबर 2019 ची आणि उत्पादन एप्रिल 2019 ते मार्च 2020 चं. सर्वसाधारण वर्षात फरक किरकोळ पडतो. 2020 सारख्या वर्षात तो पडतोच, म्हणून तळटीप द्या. रिझर्व्ह बँकेचे तिमाही आकडे वापरायचे असतील तर आधीच्या आर्थिक वर्षाची चौथी तिमाही आणि चालू वर्षाच्या पहिल्या तीन तिमाह्या यांची बेरीज म्हणजे कॅलेंडर वर्ष.

मार्गदर्शिका बदलली की मालिकेत सांधा पडतो. पाचव्या आवृत्तीत स्थलांतरितांनी सोबत नेलेली मालमत्ता भांडवली खात्यात धरत, सहाव्यात ती वगळली. म्हणून खूप जुनी वर्षं जोडताना तिथे उभी तुटक रेघ ओढा.

कशाने भागायचं

2023 मधली सुमारे 13 अब्ज डॉलरची मलावीची अर्थव्यवस्था आणि साडेतीन हजार अब्ज डॉलरच्या आसपासची भारताची, यांचे डॉलरमधले आकडे एका अक्षावर मांडले तर मलावी तळाशी चिकटलेली रेघ होईल. देशांतर्गत उत्पादनाच्या टक्केवारीत बदलणं हा नेहमीचा उपाय, आणि तो चांगला आहे. फक्त भाजकाकडे लक्ष ठेवा.

मलावीने मे 2012 मध्ये आपलं चलन क्वाचा 33 टक्क्यांनी अवमूल्यित केलं, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये पुन्हा इतकं की क्वाचात डॉलर 44 टक्क्यांनी महागला. अवमूल्यन झालं की उत्पादनाचा डॉलरमधला आकडा आकसतो. काल्पनिक आकडे घेऊ: देशाला दरवर्षी 50 कोटी डॉलर अनुदान मिळतं आणि उत्पादन 1,000 कोटी डॉलर आहे, तर प्रमाण 5 टक्के. अवमूल्यनाने उत्पादन 800 कोटी डॉलर झालं तर प्रमाण 6.25 टक्के. अनुदान एका डॉलरनेही वाढलेलं नाही, पण आलेख वर उडी मारतो. असं वर्ष दिसलं की शेजारी दरडोई डॉलरचा स्तंभही ठेवा. दोन्ही एकाच दिशेला हलत असतील तरच बदल खरा धरा. आधारवर्ष बदलल्यानेही भाजक हलतो. भारताने जानेवारी 2015 मध्ये 2004-05 ऐवजी 2011-12 हे आधारवर्ष घेतलं, मलावीनेही आपली मालिका मधल्या काळात नव्याने बांधली. दोन मालिका जोडून एक करू नका, सुधारित मालिका एकसंध मिळते तीच घ्या.

डॉलरमध्येच बोलायचं असेल तर डॉलरची महागाई काढून टाका. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक 2005 मध्ये सरासरी 195.3 होता, 2023 मध्ये 304.7. म्हणजे 2005 चे 100 डॉलर 2023 च्या साधारण 156 डॉलरइतके. वीस वर्षांच्या तुलनेत एवढा फरक सोडून चालत नाही.

एकाच वर्षी उभे राहणारे सुळके

अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठीच्या योजनेत मलावीने 2006 मध्ये अखेरचा टप्पा गाठला, आणि तिथून बहुपक्षीय, म्हणजे जागतिक बँकेसारख्या संस्थांकडून, कर्जमाफीही मिळाली. परदेशी देण्याचा बहुतांश भाग उतरला. नियमाप्रमाणे कर्जमाफी भांडवली खात्यात अधिक बाजूला येते आणि वित्तीय खात्यात देणं कमी झाल्याची समोरची नोंद होते. सोसायटीचं पीककर्ज माफ झालं म्हणून बागायतदाराच्या हातात नोटा येत नाहीत, तसंच हे. डोक्यावरचं ओझं उतरतं, पुढचे हप्ते वाचतात, पण त्या वर्षी देशात नवे डॉलर आलेले नसतात. म्हणून असा सुळका ‘विक्रमी आवक’ या नावाने लिहू नका.

सुळके गुळगुळीत करायला विद्यार्थी तीन वर्षांची चलसरासरी काढतात. तिचा दोष बघा. समजा ओळीने पाच वर्षांचे आकडे 2, 3, 40, 3, 2 आहेत. चलसरासरी येते 15, 15.3, 15. एका वर्षाची कर्जमाफी तीन वर्षांच्या सुबत्तेसारखी पसरली. त्याऐवजी तीन वर्षांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा, घ्या: 3, 3, 3. नेहमीची पातळी स्वच्छ दिसते आणि 40 चा आकडा तुम्ही वेगळा ठिपका काढून, खाली कारण लिहून दाखवू शकता. मी प्रत्येक वेळी मध्यकच सुचवतो.

सुळक्याचं कारण शोधताना घटनांची एक पट्टी करा. मलावीच्या पट्टीवर 2006 ची कर्जमाफी, 2012 आणि 2023 ची अवमूल्यनं, 2013 मध्ये सरकारी तिजोरीतल्या लुटीचं ‘कॅशगेट’ प्रकरण उघड झाल्यावर दात्यांनी थांबवलेली अर्थसंकल्पी मदत, 2023 चं वादळ. यातली अर्थसंकल्पी मदत चालू खात्यात जाते आणि प्रकल्प अनुदान भांडवली खात्यात. म्हणून दाते रुसले तरी भांडवली खातं तेवढं हलणार नाही असं होऊ शकतं. दोन्ही स्तंभ वेगळे असतील तरच ते दिसेल. भारताच्या पट्टीवर 2008 ची पडझड, 2013 चा रुपयावरचा ताण, 2020-21 मधली चालू खात्यातली दुर्मीळ शिल्लक.

निव्वळ आकडा उघडून बघा

मला सगळ्यात जिव्हाळ्याची पायरी ही आहे. 2024-25 मध्ये भारतात आलेली थेट परकीय गुंतवणूक, रिझर्व्ह बँकेच्या पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, सुमारे 81 अब्ज डॉलर होती. त्याच वर्षी परदेशी गुंतवणूकदारांनी इथली गुंतवणूक विकून, परत नेलेली रक्कम सुमारे 51.5 अब्ज. भारतीय कंपन्यांनी बाहेर केलेली निव्वळ गुंतवणूक सुमारे 29 अब्ज. उरलं एक अब्जापेक्षाही कमी. निव्वळ रेषा सांगेल की थेट गुंतवणूक जवळपास थांबली. आत डोकावलं तर दिसतं की पैसा आला, जुना पैसा चढ्या शेअर बाजारात नफा वाजवून बाहेर पडला, आणि आपल्याच कंपन्या बाहेर पाय पसरत होत्या. या तीन घटनांचे अर्थ तीन वेगळे, धोरणंही वेगळी. म्हणून आवक, परतावा आणि जावक हे तीन स्तंभ नेहमी वेगळे मांडा.

आलेला पैसा परत कधी जाणार हेही याच पायरीवर बघायचं. 2013 मध्ये रुपया कोसळत असताना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात सवलतीच्या दराने डॉलर-रुपया अदलाबदलीची खिडकी उघडली. अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातल्या ठेवी आणि बँकांची परदेशी उसनवार मिळून सुमारे 34 अब्ज डॉलर आले. ठेवी बहुतेक तीन वर्षांच्या. 2016 च्या शेवटच्या महिन्यांत त्या परत गेल्या. 2013 ची चढण आणि 2016 ची उतरण एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत. हे माहीत नसलं तर विद्यार्थी 2016 च्या घसरणीला त्या वर्षातलंच कारण चिकटवतो.

मलावीसाठी उघडायचे प्रश्न वेगळे. अनुदान किती आणि कर्ज किती, हे प्रमाण 2006 नंतर कुठे गेलं? कर्जात सवलतीचं किती आणि व्यापारी अटींचं किती? नाणेनिधीचा कार्यक्रम थांबला की इतर दात्यांचे पैसे किती महिन्यांत आटतात? मलावी आजही तंबाखूच्या निर्यातीवर बराच विसंबून आहे, त्यामुळे हंगाम वाईट गेल्यावर पडलेला खड्डा कोणत्या खात्यातून भरला जातो ते वर्षागणिक तपासता येतं. भारताच्या बाबतीत हाच प्रश्न तेलाच्या किमतीबद्दल विचारा. इथे दोन देशांची खरी तुलना सुरू होते: चालू खात्याला खड्डा पडला की एक देश दात्यांकडे बघतो, दुसरा गुंतवणूकदार आणि अनिवासी ठेवीदारांकडे. कोणाचा आधार आधी सुटतो, ते तुमच्या तक्त्याने दाखवायचं.

आलेख आणि लिखाण

डाव्या-उजव्या बाजूला दोन वेगळे अक्ष असलेला एकच आलेख काढू नका, मोजपट्टी ताणून त्यात हवी ती समानता दाखवता येते. एकाखाली एक दोन चौकटी, वर्षांचा अक्ष तोच, उत्पादनाच्या टक्केवारीची मोजपट्टी तीच. प्रत्येक चौकटीत रचलेले स्तंभ: अनुदान, थेट गुंतवणूक, शेअर-रोखे, इतर. वर काळ्या रेषेत निव्वळ. मोबाइलवर वाचता येईल एवढी अक्षरं.

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक विधानाला खातं, एकक आणि कालखंड जोडा. ‘मलावीत भांडवल वाढलं’ याऐवजी ‘अमुक वर्षांच्या मध्यकाने, प्रकल्प अनुदानं उत्पादनाच्या इतक्या टक्क्यांवरून इतक्यावर गेली’ असं लिहा. वाक्य लांबतं, पण परीक्षक त्यावर बोट ठेवू शकत नाही.

शेवटी, आकडे कोणत्या तारखेला उतरवले ते तक्त्याखाली लिहा. रिझर्व्ह बँक मागच्या वर्षांचे आकडे सुधारते, मलावीचे आकडेही देश-अहवालागणिक बदलतात. नाणेनिधीच्या मार्गदर्शिकेची सातवी आवृत्तीही 2025 मध्ये आली आहे आणि देश ती टप्प्याटप्प्याने स्वीकारतील, तेव्हा आज उतरवलेली फाइल आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उतरवलेली फाइल एकदा शेजारी ठेवून फरकाचे रकाने रंगवून ठेवा.